उंडो (गोव्याचा गव्हाचा पाव) बंद करण्याआधी चाचणी: मुलाच्या जुनाट पोटदुखण्याचं निदान कसं गाठावं

"गहू कधीपासून बंद केलात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पाच महिने झाले," मी जरा अभिमानानेच सांगितलं.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मग आता परत सुरू करावा लागेल. दीड महिना तरी."

मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. पोट फुगलेलं, हातपाय काटक्यांसारखे, दिवसातून तीन-चार वेळा पातळ, वास मारणारी शी. लोहाचं औषध वर्षभर पाजूनही हिमोग्लोबिन ९च्या वर सरकत नव्हतं. डिचोली ते पणजी अशा दीड वर्षाच्या फेऱ्यांत पाच डॉक्टर झाले होते. मधेच कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही गहू बंद केला. त्याला थोडं बरं वाटलं. मग तीन महिन्यांनी केलेली सिलिअ‍ॅकची (गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या आजाराची) रक्तचाचणी 'निगेटिव्ह' आली, आणि त्या निगेटिव्हवर विसंबून सगळे दुसरीकडेच शोधत राहिले. आजार सिलिअ‍ॅकच होता. चाचणीला जे पकडायचं होतं ते आम्हीच आधी पुसून टाकलं होतं.

निदान डॉक्टरांनीच करायचं. पण त्यासाठी लागणारी माहिती आईबापांनी कशी जमवावी आणि नकळत ती कशी पुसू नये, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

थांबायचं नाही अशा गोष्टी

वही-बिही नंतर. उलटी हिरवी झाली, पोट दगडासारखं घट्ट झालं, शीतून बरंच रक्त गेलं, मूल मलूल होऊन प्रतिसाद देईना, किंवा सात-आठ तास लघवीच झाली नाही, तर १०८ला फोन करा किंवा जवळचं मोठं इस्पितळ गाठा. उत्तर गोव्यात म्हापशाचं जिल्हा इस्पितळ (जुनी माणसं अजून आझिलोच म्हणतात), दक्षिणेत मडगावचं, आणि सगळ्यांच्या वर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज.

दुसऱ्या काही खुणा अशा, की त्या दिसल्या तर धावपळ नको, पण 'मोठा झाला की सुधारेल' असंही म्हणायचं नाही. वजन घटणं किंवा वाढायचं थांबणं. पोटदुखीने किंवा शीला म्हणून रात्री झोपेतून उठणं. शीत वारंवार रक्त किंवा शेंबूड. कारण न सापडणारा ताप, सांधे दुखणं, तोंडात पुन्हापुन्हा फोड, गुदद्वाराजवळ गळू किंवा चीर. गिळताना अडकणं. औषध देऊनही न हटणारा पंडुरोग. घरात कुणाला सिलिअ‍ॅक किंवा आतड्याच्या सुजेचा आजार असणं. दुखणं बेंबीभोवती न राहता एका बाजूला, ठरावीक जागी असणं. यातलं एक जरी असलं, तरी पहिल्याच भेटीत पहिल्याच मिनिटाला सांगा. आम्ही 'रात्री उठतो' हे तिसऱ्या डॉक्टरांना, तेही निघताना दारात सांगितलं होतं.

दोन आठवड्यांची वही

ओपीडीत डॉक्टर मुलाला दहा मिनिटं बघतात. उरलेला दिवस ते तुमच्याजवळ असतं. तो दिवस कागदावर आणायचा.

शंभर पानी साधी वही घ्या. रोज पाच गोष्टी: काय खाल्लं आणि किती वाजता, कधी दुखलं आणि किती वेळ, शी किती वेळा आणि कशी, उलटी किंवा ताप, आणि त्या दिवशी दिलेलं प्रत्येक औषध. घरगुती काढा, चूर्ण, हवाबाण हरडे, सगळं त्यात आलं. खाणं लिहिताना 'जेवण' असं लिहू नका. 'सकाळी पेज, अकराला अर्धा उंडो, दुपारी भात-हुमण, संध्याकाळी दोन बिस्किटं' असं लिहा. आम्ही गोंयकार स्वतःला भातखाऊ समजतो. एका डॉक्टरांनीही आम्हाला तेच ऐकवलं होतं: "गव्हाचा आजार उत्तरेकडचा, तुम्ही भात खाता." वही उघडली तर दिसलं, की पोदेर (पाववाला) दारात येतो त्या घरातलं मूल दिवसातून तीन वेळा गहू खात होतं. सिलिअ‍ॅक उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला आणि दक्षिणेकडे बराच कमी आढळतो हे खरं. पण सरासरी लोकांची असते. आपल्या मुलाच्या पोटात काय जातं ते वहीच सांगते.

शीचं वर्णन करताना लाज सोडा. ब्रिस्टल तक्ता म्हणून सात चित्रांचा एक तक्ता जगभर वापरतात. पहिला प्रकार बकरीच्या लेंड्यांसारखा, चौथा मऊ केळ्यासारखा, सातवा निव्वळ पाणी. तो मोबाइलवर ठेवा आणि वहीत फक्त आकडा लिहा. शी विचित्र वाटली तर फोटो काढा. तेलकट, फिकट, भांड्याला चिकटणारी शी हा महत्त्वाचा धागा असतो, कारण त्यातून अन्नातली चरबी पचत नसल्याचं कळतं. लोहाच्या औषधाने शी काळी होते आणि बीट खाल्ल्यावर लाल. घाबरण्याआधी कालचं पान बघा.

सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र जुनी वजनं आणि उंची. अंगणवाडीचं माता-बाल कार्ड, लसीकरणाची चिठ्ठी, शाळेतल्या आरोग्य तपासणीचा कागद, जिथे जिथे वजन लिहिलेलं सापडेल ते तारखेसकट एका पानावर उतरवा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारच्या खाली गेलं तर विचारायला हवं. एकदा मोजलेल्या वजनातून फारसं कळत नाही, वाढीच्या तक्त्यावरची रेघ वाकली की कळतं. मागच्या चतुर्थीचा कुर्ता यंदाही नीट बसला म्हणून मला पैसे वाचल्याचा आनंद झाला होता. तो आनंद आठवला की अजून पोटात गोळा येतो.

पुसू नका

जुनाट पोटदुखणं असलेल्या मुलाच्या घरी सल्ल्यांची कमी नसते. सासूबाईंनी दिश्ट काढली. त्याने काही बिघडलं नाही आणि त्यांना बरं वाटलं. बिघडतं ते वेगळ्याने.

गहू आधी. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) यांच्यातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवतं. रक्तचाचणी त्या हल्ल्यात तयार झालेली प्रतिद्रव्यं मोजते. गहू थांबला की हल्ला ओसरतो, प्रतिद्रव्यं घटतात, आतडं भरून यायला लागतं, आणि चाचणी आणि बायोप्सी (आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी) दोन्ही खोटं बोलू लागतात. म्हणून संशय असेल तर आधी चाचणी, मग पथ्य. आधीच बंद केला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान सहा आठवडे रोज, एकाहून जास्त वेळच्या खाण्यात, गहू द्यावा लागतो. ते सहा आठवडे कसे जातात हे मी इथे लिहीत नाही. नेदरलँडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्याची आजारी मुलं सुधारली आणि पाव परतल्यावर पुन्हा ढासळली. त्याच्याकडे रक्तचाचणी नव्हती, आपल्याकडे आहे. मुलाला उगाच त्या हिवाळ्यातून कशाला न्यायचं?

दूध दुसरं. 'दूध पचत नाही' हे वाक्य दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. तान्ह्या बाळाला गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे डॉक्टर दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करायला सांगतात (आई पाजत असेल तर आईचेही) आणि मग पुन्हा सुरू करून बघतात. पुन्हा सुरू करणं हाच चाचणीचा अर्धा भाग, आणि तोच भाग घरी कुणी करत नाही. लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, त्रास वेगळा. जुलाबांच्या मोठ्या आजारानंतर तो तात्पुरता येतो आणि बहुधा आपोआप जातो. दोन्हीतलं कुठलं हे न ठरवता वर्षानुवर्षं दूध बंद ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत.

अँटिबायोटिक तिसरं. दर महिन्याला जुलाब झाले की उरलेल्या बाटलीतलं औषध, हा खेळ बंद करा. आणि आधी घेतलेलं प्रत्येक औषध नावासकट सांगा, वैद्याकडचं भस्म आणि गोळ्याही. त्यात डॉक्टर रागावले तर रागावू देत.

जंताचं औषध मात्र बिनधास्त. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अल्बेंडाझोल देतात. ते चुकवू नका, फक्त वहीत तारीख लिहा. जंत म्हणजे सगळ्याचं उत्तर, असं मात्र समजू नका. त्या गोळीने जिआर्डियासारखे परजीवी एका मात्रेत जात नाहीत, आणि पावसाळ्यात विहिरीचं पाणी न उकळता पिणाऱ्या घरी ते लक्षात ठेवावं लागतं.

पहिला डॉक्टर आणि साधी कारणं

एकच बालरोगतज्ज्ञ धरा, पोहोचता येईल असा. बदलायचा असेल तर फाइल घेऊन बदला. दर वेळी शून्यापासून सुरुवात झाली की दर वेळी तेच औषध मिळतं.

पहिल्या भेटीत बद्धकोष्ठाची चौकशी झाली नाही तर तुम्हीच काढा, कारण मुलांच्या जुनाट पोटदुखीमागे ते फार वेळा असतं आणि फार फसवं असतं. एकदा कडक शीने दुखलं की मूल शी अडवायला शिकतं. चवड्यांवर उभं राहतं, पाय आवळतं, पडद्यामागे लपतं. बघणाऱ्याला वाटतं जोर लावतंय. प्रत्यक्षात ते रोखत असतं. गुदाशय ताणून सैल होतो, आत खडा बसतो, आणि त्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपते. आई म्हणते "जुलाब होतायत", आणि जुलाब थांबवायचं औषध येतं. रोज थोडीशी शी होणाऱ्या मुलालाही बद्धकोष्ठ असू शकतं. डॉक्टरांनी पोट चाचपलं की बहुधा कळतं. उपचारात आधी साठलेलं बाहेर काढायचं आणि मग शी मऊ ठेवणारं औषध महिनोन्महिने द्यायचं. आठवड्यात बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवायचा. शाळेच्या संडासाबद्दल त्याला एकट्याला विचारा. माझ्या बहिणीच्या मुलीचं सगळं दुखणं कडी नसलेल्या दारात होतं.

दुसरं साधं कारण म्हणजे वाढ नीट आहे, तपासण्या नीट आहेत, पण बेंबीभोवती दुखतं. हे खोटं दुखणं नव्हे. आतडं आणि मेंदू यांच्यातल्या संवेदना तीव्र झालेल्या असतात, म्हणून साधा वायूही दुखतो. डॉक्टरांनी असं निदान केलं तर 'म्हणजे काहीच नाही' असं समजून दुसरीकडे पळू नका. तेही निदान आहे, आणि त्यालाही उपचार आहेत.

कुठल्या तपासण्या, कुठल्या नकोत

धोक्याच्या खुणा असतील तर साधारण हे येतं: संपूर्ण रक्तगणना, ईएसआर आणि सीआरपी (शरीरात सूज आहे का ते सांगणाऱ्या रक्तचाचण्या), यकृताची चाचणी आणि अल्ब्युमिन, थायरॉइड, लघवी, शीची तपासणी, आणि सिलिअ‍ॅकसाठी टीटीजी-आयजीए. टीटीजीसोबत एकूण आयजीए मागा. काही मुलांच्या शरीरात आयजीए हे प्रतिद्रव्यच कमी असतं, मग टीटीजी उगाच निगेटिव्ह येते.

शीचे नमुने परजीवींसाठी वेगवेगळ्या दिवशी तीन द्यावेत, कारण परजीवी रोज बाहेर पडत नाहीत. नमुना लघवी किंवा पाण्यात मिसळलेला नको आणि लवकर पोहोचवायला हवा. डिचोलीहून पणजीला कदंबच्या बसने नेताना डबी बर्फाच्या पिशवीत ठेवायची की नाही, हे आधी लॅबला फोन करून विचारा. चाचणीप्रमाणे उत्तर बदलतं.

कॅलप्रोटेक्टिन ही शीचीच चाचणी. आतड्यात सूज आहे का, याचा अंदाज देते. ५०च्या खाली आलं तर सुजेचा आजार असण्याची शक्यता बरीच घटते, काहीशेंच्या घरात गेलं तर पुढे बघावं लागतं. चार वर्षांखालच्या मुलांत ते एरवीही जास्त असतं, आणि साध्या जुलाबांनी किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही वाढतं. म्हणून एका आकड्यावर रात्र जागू नका. मी जागले आहे.

सोनोग्राफीत 'मेझेंटेरिक लिंफ नोड' दिसल्याचं वाक्य हमखास येतं. लहान मुलांत अशा छोट्या गाठी साध्या सर्दी-तापानंतरही दिसतात, निरोगी मुलांतही दिसतात. नुसत्या त्या वाक्यावर क्षयाची औषधं सुरू करायची भाषा झाली तर "नमुना घेऊन तपासता येईल का?" एवढं शांतपणे विचारा. पोटाचा क्षय आपल्याकडे खराच असतो, आणि क्रोन्स नावाचा सुजेचा आजार हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. दोघांची औषधं उलट दिशेची: एकाची जंतू मारणारी, दुसऱ्याची प्रतिकारशक्ती दाबणारी. इथे घाई नको.

शंभर पदार्थांची यादी देणारी आयजीजी 'फूड इनटॉलरन्स' चाचणी करू नका. ती मुलाने काय खाल्लं आहे ते सांगते, काय बाधतं ते नाही. आमचे हजारो रुपये त्यात गेले, आणि यादीत नारळ निघाला. गोव्यात नारळ बंद करून मुलाला काय घालायचं होतं, देव जाणे.

पोटविकारतज्ज्ञाकडे

खुणा आहेत, पहिल्या तपासण्यांत काही निघालं, किंवा काहीच न निघता मूल वाढत नाही, तर चिठ्ठी मागा. गोव्यात सरकारी मार्ग बहुतेक वेळा आरोग्य केंद्र किंवा जिल्हा इस्पितळातून गोमेकॉत जातो. १८४२ साली पोर्तुगिजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेपासून चालत आलेली ही संस्था आहे, आणि ओपीडीची रांगही तितकीच जुनी वाटते. सकाळी लवकर निघा, मुलासाठी डबा घ्या.

फाइलच्या वर एक पान ठेवा. त्यावर मुलाचं वय, त्रास कधी सुरू झाला, धोक्याच्या खुणा, वजन-उंचीचा तक्ता, झालेल्या तपासण्यांचे आकडे (नुसतं 'नॉर्मल' नको), दिलेली औषधं आणि त्यांचा परिणाम, आणि शेवटी तुमचे तीन प्रश्न. माझे होते: तुम्हाला कशाचा संशय आहे, तो संशय कुठल्या तपासणीने मिटेल, आणि ती निगेटिव्ह आली तर पुढे काय? तिसऱ्याचं उत्तर ज्या डॉक्टरांकडे होतं तिथेच आम्ही थांबलो.

मुलांचे पोटविकार ही आता वेगळी शाखा आहे. गोव्याबाहेर जायची वेळ आली तर लोक बहुधा बेळगाव, मणिपाल किंवा मुंबई बघतात. मुंबईत परळचं वाडिया खास मुलांचंच. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी पोहोचता येतं. जाण्याआधी फोन करून तज्ज्ञ त्या आठवड्यात आहेत का आणि दुर्बीण (एंडोस्कोपी) लागल्यास त्याच फेरीत होईल का, हे विचारा.

पैशांचं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ठरावीक उपचारांसाठी आणि ठरावीक इस्पितळांत. तुमची तपासणी त्यात बसते का, हे दाखल होण्याआधी योजनेच्या काउंटरवर विचारा. गोव्यात न होणाऱ्या उपचारांसाठी आरोग्य संचालनालयाची मेडिक्लेम योजनाही आहे. तिथे आधी मंजुरी, मग उपचार. उलट केलं तर हात हलवत परत यावं लागतं.

दुर्बीण

नावाने जितकी भीती वाटते तितकं ते नसतं. मुलांना गुंगी किंवा भूल देऊन करतात. पोटाची दुर्बीण असेल तर घन अन्न साधारण सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण तुमच्या इस्पितळाने दिलेला कागदच पाळा. मोठ्या आतड्याची असेल तर आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध हाच खरा छळ. चव झाकायला काय मिसळता येईल, ते आधी विचारून ठेवा.

सिलिअ‍ॅकच्या संशयात लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, त्याच्या फुगीर टोकासकट, पाच-सहा तुकडे घ्यावे लागतात. तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो आणि त्याचं दुखत नाही. आजार ठिपक्याठिपक्यांनी असू शकतो, म्हणून एक-दोन तुकड्यांवर भागत नाही. टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त आली आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए नावाची दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर काही मुलांत बायोप्सीशिवायही निदान मानतात. तो निर्णय तज्ज्ञाचा.

घरी निघताना अहवालाची प्रत, दुर्बिणीचे फोटो, आणि बायोप्सीचा नंबर घ्या. त्या तुकड्यांच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे लॅबमध्ये जपून ठेवतात आणि मागितले तर दुसऱ्या मतासाठी मिळतात. हे माहीत नसल्याने लोक मुलाला पुन्हा दुर्बिणीखाली घालतात.

निदान झाल्यावरचा पहिला आठवडा

आमच्या बाबतीत गव्हाशिवायचं स्वयंपाकघर. पेज, भात, सान्ना, पातोळ्या, नाचणीचं तिझन, सगळं आपलंच. अडचण लपलेल्या गव्हाची. मासळी रव्यात घोळवून तळायची सवय सोडावी लागली, आता तांदळाचं पीठ लावते. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्ये गहू असतो, बिबिंकात मैदा. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायला भारतात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पीठ गिरणीत दळायला देऊ नका, आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्यात येतो. आणि लोहाच्या औषधाचं प्रमाण डॉक्टरांना पुन्हा विचारा. आतडं भरून आल्यावर आमच्याकडे तेच औषध लागू पडलं, आठ महिन्यांत हिमोग्लोबिन ११.४.

निदान होत नाही असंही होतं. तेव्हा वही बंद करू नका. दर तीन महिन्यांनी वजन-उंची, नवीन खूण दिसली तर लगेच डॉक्टर, आणि पूर्वी केलेली पण चुकीच्या वेळी केलेली चाचणी परत करता येईल का, हा प्रश्न.

सिलिअ‍ॅक निघाला तर सख्ख्या भावंडांची आणि आईबापांचीही रक्तचाचणी करतात, त्रास नसला तरी, आणि तेही गहू खात असतानाच. आमच्या धाकटीची निगेटिव्ह आली, पण मुलांची काही वर्षांनी परत करावी लागते. म्हणून पोदेर अजून आमच्या दारात थांबतो. एक उंडो, तिच्यापुरता, वेगळ्या ताटात.